तार माहीत होती

फवारणीचे विमान विजेच्या तारेला धडकून कोसळल्याची बातमी आली, की पहिला तर्क ठरलेला असतो: वैमानिकाला तार दिसली नसेल. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०११ साली हा तर्क आकड्यांनिशी खोटा ठरवला. २००१ ते २०१० या काळात त्या देशात विमाने आणि हेलिकॉप्टर तारांना धडकण्याच्या १८० घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतल्या १०० शेतीकामाच्या उड्डाणांतल्या होत्या. संस्थेने खोलात जाऊन चौकशी केली तेव्हा कळले, की ६३ टक्के वैमानिकांना ती तार तिथे आहे हे धडकण्यापूर्वीच माहीत होते. हा आकडा नीट पचवला, तर फवारणीच्या उड्डाणांच्या सुरक्षेबद्दल जे एरवी बोलले जाते त्यातले बरेचसे तोकडे पडते. माहिती द्या, प्रशिक्षण द्या, सावध राहायला सांगा, असे आपण म्हणतो. त्या वैमानिकांकडे माहिती होती, प्रशिक्षण होते आणि जिवाची भीतीही होती. तरीही विमान तारेत गेले. म्हणून या धंद्याची सुरक्षा उडवणाऱ्याच्या दक्षतेवर सोडून चालत नाही. तारांवरच्या खुणा, यंत्राची रचना, मोबदल्याचा हिशेब आणि अपघातांची नोंदवही यांत तिची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. महाराष्ट्राच्या शिवारांवर आता फवारणीचे ड्रोन घिरट्या घालू लागले आहेत. विमानांनी शंभर वर्षांत जिवाची किंमत मोजून घेतलेले धडे आपल्याला आयते मिळत असताना ते पुन्हा तशीच किंमत देऊन शिकायचे का, हा प्रश्न आहे.

हे काम होते कसे, ते आधी पाहू. बहुतेक फवारणी पहाटे सुरू होते, कारण उजाडताना वारा पडलेला असतो. विमान शेताच्या एका टोकाशी खाली येते आणि पिकाच्या शेंड्यांपासून जेमतेम तीन-चार मीटरवरून, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सरळ रेषेत जाते. दुसऱ्या टोकाला झाडे किंवा घरे आली की वैमानिक फवारा बंद करतो, नाक वर उचलतो, वळसा घेऊन तोंड फिरवतो आणि शेजारच्या पट्ट्यात पुन्हा तितकाच खाली येतो. एका शेतात अशा कितीतरी फेऱ्या होतात आणि दिवसभरात अशी अनेक शेते उरकायची असतात. इतके खाली उडण्यात हौसेचा भाग नाही. त्याहून वरून फवारले तर औषधाचे थेंब पिकावर बसण्याआधीच शेजारच्या शेतात, ओढ्यात किंवा कुणाच्या अंगणात जातात. पिकाला आणि शेजाऱ्याला जी उंची सोयीची, तीच वैमानिकाला सर्वांत घातक, असा हा तिढा आहे. त्या वेगात विमान सेकंदाला पंचावन्न मीटर अंतर कापते. दीडशे मीटरवर तार दिसली तर ती ओळखायला, निर्णय घ्यायला आणि विमान वर काढायला तीन सेकंदही हाती नसतात. एरवी विमानाला उंचीमुळे चूक सावरायला अवधी मिळतो. इथे तो अवधी कामाच्या स्वरूपातूनच वजा झालेला आहे.

मग माहीत असलेली तार विसरते कशी? आकाशाच्या पार्श्वभूमीवर तार दिसते, पण पिकाच्या आणि मातीच्या रंगात ती विरून जाते. जुनी तार काळपट पडलेली असते आणि सूर्य समोर असला तर तीही दिसत नाही. म्हणून अनुभवी वैमानिक तार शोधत बसत नाहीत. खांब शोधतात आणि खांबांवरून तारेची दिशा ताडतात. सुरुवातीला एक फेरी उंचावरून मारून अडथळे हेरतात. एवढे करूनही घात होतो, कारण काम सुरू झाल्यावर लक्ष दहा ठिकाणी वाटले जाते. पट्टा चुकत नाही ना, नोझलचा दाब बरोबर आहे ना, वारा फिरला का, शेजारच्या पिकावर थेंब जात नाहीत ना, टाकीत किती उरले. त्यातच उभे पट्टे संपले की कडेचे पट्टे मारायचे असतात. त्यासाठी विमान आधीच्या दिशेला काटकोनात, बांधाला लागून उडते, आणि तारा तर बहुधा बांधानेच गेलेल्या असतात. जी तार दर फेरीला अंगवळणी पडल्याप्रमाणे ओलांडली, ती आता वेगळ्या बाजूने, वेगळ्या अंतरावर समोर येते. एखादा तुकडा राहिला म्हणून वैमानिक ऐनवेळी बेत बदलून परत फिरतो आणि मनातल्या नकाशातून तेवढी एक रेघ निसटते. याला बेफिकिरी म्हणणे सोपे आहे. पण एकाच जागी, एकाच कामात, इतक्या कसलेल्या माणसांची स्मरणशक्ती दगा देत असेल, तर दोष स्मरणशक्तीवर भार टाकणाऱ्या कामाच्या मांडणीत शोधायला हवा.

तारा नसत्या तरी हे उड्डाण सोपे नाही. फवारणीसाठी बनलेल्या मोठ्या विमानांपैकी ‘एअर ट्रॅक्टर ८०२’ची टाकी सुमारे तीन हजार लिटरची आहे. एवढा भार घेऊन ते शेताजवळच्या छोट्या, अनेकदा कच्च्या धावपट्टीवरून उठते. भर उन्हाळ्यात हवा विरळ होते. मग पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाचीही ताकद घटते आणि सकाळी सहज झेपलेले ओझे दुपारी झेपेनासे होते. त्यातून वळण. विमान साठ अंशांत कलते करून सपाट वळण घेतले, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली विमान हवेत टिकू शकत नाही, तो वेगच सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो. घाईत वळण जरा घट्ट घेतले आणि वेग जरा कमी पडला, की पंखांची पकड सुटते. हीच गोष्ट हजार मीटरवर घडली तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. झाडांच्या शेंड्यांवर घडली तर खाली फक्त जमीन असते. अमेरिकेत लोकवस्तीबाहेरही माणसे आणि इमारतींपासून पाचशे फूट दूर राहण्याचा नियम विमानांना आहे. तिथल्या नियमावलीतल्या १३७ क्रमांकाच्या भागाने फवारणीच्या उड्डाणांना त्यातून सूट दिली आहे आणि ती द्यावीच लागते. मात्र सूट दिल्यावर तिच्याबरोबर येणारी जोखीम कुणी उचलायची, हे नियमाने ठरवले नाही, तर ती सगळी एकट्या वैमानिकाच्या खांद्यावर जाऊन पडते.

आणि तो वैमानिक बहुधा थकलेला असतो. या धंद्यात पैसा एकरावर मिळतो. कीड पडते ती ठरावीक दिवसांत. पाऊस आणि वारा यांतून फवारणीजोगे जे थोडे तास उरतात, त्यांतच सगळ्या शेतकऱ्यांना विमान हवे असते. आज जमणार नाही, असे सांगितले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. अशा वेळी वारा वाढला म्हणून थांबणारा वैमानिक स्वतःच्या खिशातून सुरक्षेची किंमत भरतो आणि न थांबणारा कमाई करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ या एका वर्षातल्या शेती-उड्डाणांच्या ७८ अपघातांचा अभ्यास करून २०१४ साली विशेष अहवाल काढला. थकव्याचे नियोजन, जोखमीचे नियोजन, विमानांची देखभाल आणि वैमानिकांची या कामापुरती परीक्षा या चार बाबतींत मार्गदर्शनच अपुरे असल्याचे त्यात दाखवले आहे. प्रवासी विमानाच्या वैमानिकाने किती तास उडावे आणि किती तास झोपावे, याचे बारकाईचे नियम त्या देशात आहेत. फवारणीच्या भाग १३७ मध्ये असे तास बांधून दिलेले नाहीत. या चारही गोष्टी कुण्या एका वैमानिकाच्या हलगर्जीपणाशी संबंधित नाहीत. त्या धंद्याच्या आणि नियमांच्या रचनेतल्या फटी आहेत.

तारांइतकेच बोलके उदाहरण वाऱ्याच्या मनोऱ्यांचे आहे. पवनचक्क्या उभारण्यापूर्वी वाऱ्याचा वेग मोजायला कंपन्या शेतांत सडपातळ मनोरे उभे करतात. ताणांच्या तारांनी धरलेला, राखाडी धातूचा असा मनोरा काही तासांत उभा राहतो. काल मोकळे असलेले रान आज मोकळे नसते. अमेरिकेत दोनशे फुटांहून उंच बांधकामाची सूचना सरकारला देणे बंधनकारक असल्याने हे मनोरे बहुधा त्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवले जात. २००५ साली टेक्सासमधल्या रॉल्सजवळ आणि २०११ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलीजवळ फवारणीची विमाने अशाच मनोऱ्यांना धडकली आणि दोन्ही वैमानिक दगावले. मनोऱ्याला नारिंगी-पांढरे पट्टे मारणे आणि ताणांच्या तारांवर ठळक गोळे बसवणे यांचा खर्च एका विमानाच्या किमतीपुढे नगण्य आहे. पण मनोरा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा असल्याने तो खर्च कुणाच्याच खात्यात बसत नव्हता. वैमानिकांच्या संघटना आणि सुरक्षा मंडळ यांनी लावून धरल्यावर २०१६ साली अमेरिकी संसदेने पन्नास ते दोनशे फूट उंचीच्या अशा मनोऱ्यांवर खुणा करण्याची तरतूद कायद्यात घातली. बैल गेला आणि झोपा केला, असाच हा प्रकार. तरी त्यातले तत्त्व महत्त्वाचे आहे: अडथळा जो उभा करतो, तो दिसेल असा ठेवण्याची जबाबदारी त्याचीच.

दक्षतेपेक्षा रचना जास्त जीव वाचवते, याचा पुरावाही याच धंद्याच्या इतिहासात आहे. विमानातून फवारणीचा पहिला नावाजलेला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. लष्करी वैमानिक जॉन मॅक्रेडी याने कटाल्पा झाडांवरच्या अळ्या मारायला लेड आर्सेनेटची भुकटी टाकली. त्यानंतर कित्येक वर्षे जुनीपानी लष्करी विमाने घ्यायची आणि त्यांत टाकी बसवायची, असाच रिवाज होता. फ्रेड वाइक या अभियंत्याने टेक्सासमध्ये फक्त फवारणीसाठी ‘एजी-१’ हे विमान बनवले आणि १९५० साली ते उडाले. विमान कधी ना कधी आदळणारच, हे त्याने गृहीत धरले होते. याच विचारातून पुढची रचना आली: सर्वांत पुढे इंजिन, त्यामागे औषधाची टाकी आणि सर्वांत मागे, उंचावर, भक्कम सांगाड्यात वैमानिक. समोरून धडक बसली तरी इंजिन आणि टाकी आधी चेपावी आणि माणूस वाचावा, अशी ही मांडणी. पुढे पायपर कंपनीच्या ‘पॉनी’सह फवारणीच्या बहुतेक विमानांनी ती उचलली. काचेपुढे आणि चाकांच्या पायांवर तार कापणारी पाती बसवण्याची पद्धतही अशाच विचारातून रूढ झाली. दुसरे उदाहरण जमिनीवरचे आहे. पूर्वी शेताच्या टोकाला झेंडा धरून माणसे उभी असत. पुढचा पट्टा कुठून, हे विमानाला दाखवायचे आणि अंगावर औषध घ्यायचे, हे त्यांचे काम. उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा आली आणि ते काम संपले. झेंडेवाल्यांना सावध राहायला शिकवून जे साधले नसते, ते त्यांची गरजच संपल्याने साधले.

यावर पहिला आक्षेप असा, की हा जोखमीचा पेशा आहे हे पत्करूनच लोक त्यात येतात. त्यांनी पत्करलेल्या धोक्याची चिंता इतरांनी का वाहावी? पण फवारणीच्या उड्डाणातला धोका वैमानिकापाशी थांबत नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागांवर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. डोंगरउतारावरच्या बागा, त्यांना खेटून वस्त्या, विहिरी आणि ओढे. हेलिकॉप्टर सुखरूप परतत राहिले आणि खाली माणसे आजारी पडत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. आपल्या १९७१च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीची आगाऊ सूचना किमान चोवीस तास आधी देणे, क्षेत्र आखणे, माणसे-जनावरे दूर ठेवणे, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय करणे, हे सारे तेव्हाही लिहिलेले होते. डोंगरउतारावर ते पाळले जाते की नाही, हे बघणारे कुणी नसेल तर नियम कागदावरच राहतो. विमान न पडताही अपघात होऊ शकतो, ही गोष्ट कासरगोडने शिकवली आहे. म्हणून अपघाताच्या व्याख्येत मोडलेल्या यंत्राइतकीच भरकटलेल्या औषधालाही जागा हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो महाराष्ट्रातूनच येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कुठल्या विमानाच्या अपघाताची गोष्ट करता, इथे जमिनीवर चालत फवारणारी माणसे मरतात; ड्रोन आला तर उलट ती वाचतील, असे हा आक्षेप म्हणतो. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवे. औषधाच्या तुषारांतून स्वतः चालत जाण्यापेक्षा बांधावर उभे राहून यंत्र चालवणे केव्हाही बरे. ड्रोन नको, असे म्हणणे म्हणजे मजुराला पुन्हा त्या कपाशीत ढकलणे. पण एक धोका टळला म्हणून उरलेले मोजायचेच नाहीत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन तेच काम दहा लिटरच्या आसपास उरकतो. म्हणजे त्याच्या टाकीतले द्रावण कितीतरी पट तीव्र असते. ते तयार करणाऱ्याच्या हातावर उडालेला थेंब, शेजारच्या भाजीपाल्यावर गेलेला तुषार आणि ड्रोन पडून फुटलेली टाकी यांचे विष त्याच पटीत जहाल. यवतमाळच्या विषबाधांना कारणीभूत ठरलेल्या औषधांत असलेली ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके डोळ्यांच्या बाहुल्या आकसवतात, दृष्टी धूसर करतात आणि प्रतिसाद मंदावतात. दिवसभर तीच टाकी भरून लगेच रिमोट हाती घेणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न आरोग्याचा आहे आणि उड्डाणाच्या सुरक्षेचाही.

वैमानिकच नसलेल्या यंत्राला तारेचे काय भय, असेही म्हटले जाते. याचे उत्तर जपानकडे आहे. लहान भातशेतांसाठी यामाहा कंपनीने १९८०च्या दशकात दूरनियंत्रित हेलिकॉप्टर बनवले आणि जपानने ते मोठ्या प्रमाणावर वापरले. तिथले कृषी खाते अशा फवारणीतल्या अपघातांची माहिती गोळा करून जाहीर करते, आणि दूरनियंत्रित हेलिकॉप्टरच्या अपघातांत वरच्या क्रमांकावर पुन्हा तारांना धडकणेच आहे. माणूस यंत्रातून बाहेर आला तरी तार जागेवरच राहिली. खरे तर तार ओळखणे जमिनीवरून अधिक कठीण असते. शंभर-दीडशे मीटर दूर असलेला ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बांधावर उभे राहून नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणूनच जपानमध्ये रिमोट धरणाऱ्याबरोबर दुसरा माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला उभा करण्याची आणि काम सुरू होण्यापूर्वी अडथळे पाहून ठेवण्याची पद्धत रुजली. म्हणजे पुन्हा रचनाच: एकाचे डोळे चुकतील, हे धरून दुसऱ्याचे डोळे ठेवायचे.

आता आपले शिवार डोळ्यांसमोर आणा. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९७०च्या दशकात फवारणीसाठी ‘बसंत’ नावाचे विमान बनवले होते. जेमतेम चाळीसएक विमानांनंतर ते थांबले. एवढ्याशा तुकड्यांवर विमान चालवणे अवघडच. ड्रोनला मात्र हे तुकडे चालतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. एका एकराच्या चौफेर बांध, बांधावर बाभळी-लिंब, विहिरीवरची मोटर, तिला वीज देणारी डीपी आणि डीपीपासून निघालेल्या, झोळ पडून खाली आलेल्या तारा. उसाच्या फडावरून तारा किती खाली लोंबतात, हे ठिणगी पडून जळालेल्या फडांच्या बातम्यांतून आपल्याला दरवर्षी कळते. ऊस दहा-बारा फूट वाढलेला असेल आणि ड्रोन त्याच्यावर आणखी दोन-तीन मीटर उडणार असेल, तर तो नेमका तारांच्याच पातळीत असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या रानात कसलेल्या वैमानिकांना जे जमले नाही, ते इथे नव्याने शिकलेल्या मुलामुलींकडून अपेक्षित आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचे आहेत. त्यासाठी १,२६१ कोटींची तरतूद आहे आणि ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत अनुदान आहे. प्रशिक्षण पंधरा दिवसांचे आहे. बाईच्या हाती तंत्र देणारी ही योजना चांगलीच आहे. मात्र बहुतेक ठिकाणी मोबदला एकरावर ठरतो आणि उरलेल्या रकमेसाठी गटाने कर्ज काढलेले असते. वारा सुटला, आज नको, असे म्हणण्याची किंमत इथेही पुन्हा रिमोट धरणारीच्याच पदरी पडते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि काळाचा. धंदा नुकता कुठे उभा राहतो आहे. आताच नियमांचे जोखड घातले तर तो रांगण्याआधीच मोडेल, असे सांगितले जाईल. पण नियम कमी नाहीतच. २०२१चे ड्रोन नियम आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कृषी मंत्रालयाने ड्रोनने फवारणी करण्याची कार्यपद्धती ठरवून दिली, आणि तिच्यात विमा, हवामान, बंदी असलेली क्षेत्रे, आणीबाणीत काय करावे, हे सगळे येते. अपघाताची माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याचे बंधन ड्रोन नियमांत आहे. यातले बहुतेक सारे पुन्हा रिमोट धरणाऱ्याने काय करावे, याबद्दल आहे. तारेवर खूण कुणी करावी, एकराचा दर सुरक्षेच्या आड आला तर काय, दुसऱ्या माणसाची मजुरी कोण देणार, हे प्रश्न त्यांच्या परिघाबाहेर राहतात. आणि ज्या यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून येतो, त्याच्या वापराला अटी घालणे हा धंद्यावरचा अन्याय ठरत नाही. तो सरकारचा हक्कच आहे. खर्चाचेही गणित मांडून पाहावे. एक ड्रोन तारेत जाऊन पडला, की त्या बचत गटाचा तो हंगाम बुडतो, कर्ज मात्र चालूच राहते. तार दाखवायला बांबूला बांधलेली लाल चिंधी यापेक्षा महाग नाही.

करायचे काय, ते यातून सरळ निघते. महावितरणकडे आपल्या वाहिन्यांची माहिती आहे; ती ड्रोन उडवणाऱ्यांच्या नकाशात उतरवून द्यावी आणि फवारणीच्या पट्ट्यातून जाणाऱ्या वाहिन्यांवर ठळक खुणा लावण्याची जबाबदारी वाहिनीच्या मालकाने उचलावी. झोळ पडलेल्या तारा ताणणे हे तर महावितरणचे एरवीचेच काम आहे. प्रत्येक शेतात उड्डाणापूर्वी बांधाने पायी एक फेरी आणि खांबांपाशी चिंधी, हा कामाचाच भाग मानून त्याचा वेळ दरात धरावा. रिमोट धरणाऱ्याबरोबर पलीकडच्या टोकाला दुसरी व्यक्ती सक्तीची करावी आणि तिची मजुरी अनुदानात घ्यावी. औषध कालवणारा आणि ड्रोन उडवणारा एकच माणूस नसावा. वाऱ्यामुळे फवारणी थांबली तर जाण्यायेण्याचा ठरलेला आकार शेतकऱ्याने द्यावा, म्हणजे नाही म्हणणे परवडेल. गावात कुठे, कधी, कोणते औषध मारणार, हे आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यावे; मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यापासून परसात भाजी लावणारीपर्यंत सगळ्यांना त्याने फरक पडतो. यातली एकही गोष्ट अधिक शूर किंवा अधिक हुशार माणूस मागत नाही. दमलेला, विसरणारा, पैशाची निकड असलेला माणूस चुकला तरी त्याची चूक त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये, एवढीच त्यांमागची धडपड आहे.

या सगळ्याच्या मुळाशी नोंद आहे. ऑस्ट्रेलियाने दहा वर्षांच्या धडका मोजल्या नसत्या, तर ६३ टक्क्यांचा तो आकडा मिळाला नसता आणि तार दिसली नसेल, या समजावरच तिथली सुरक्षा उभी राहिली असती. आपल्याकडेही कुणाला इजा झाली नाही म्हणून दुर्लक्षित राहणारे पडलेले ड्रोन, तारेला शिवून निसटलेले ड्रोन आणि शेजारच्या पिकावर गेलेले औषध यांची नोंद व्हायला हवी. ती देणाऱ्याला दंडाची धास्ती असेल तर कुणीच ती देणार नाही. म्हणून ही नोंद शिक्षेपासून वेगळी ठेवावी लागेल. ‘ड्रोन दीदी’ योजनेचा हिशेब देताना सरकार ड्रोन किती वाटले आणि एकर किती झाले, हे सांगतेच. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना जोडावा: किती पडले, कुठे पडले आणि कशाला अडकून पडले. पहिल्या वर्षी त्यात ‘तार’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला, तर आश्चर्य वाटायला नको. पाचव्या वर्षीही तोच शब्द तितक्याच वेळा येत असेल, तर मात्र दोष उडवणाऱ्या दीदीचा नसेल. तो तार माहीत असूनही तिच्यावर खूण न करणाऱ्यांचा असेल.